कंस नव्हे, नंदीबैल

लहानपणी गल्लीत गुबूगुबू आवाज आला की आम्ही धावत बाहेर जायचो. नंदीबैलवाला विचारायचा, "यंदा पाऊस पडंल का?" बैल मान डोलवायचा. "ताईसाहेब पास व्हतील का?" पुन्हा मान. आजी सुपातली ज्वारी त्याच्या झोळीत ओतायची आणि आत येताना पुटपुटायची, "काय विचारलं ते बैलाला तरी कळलं का?"

पुढे नोकरीत मला सगळ्यात महागात पडलेला प्रश्न मी अशाच एका नंदीबैलाला विचारला. त्याने मान डोलवली आणि तीन गिऱ्हाइकांचे महिन्या-महिन्यांचे बॅकअप पुसले गेले. ठपका मात्र माझ्यावर आला नाही. तो आला परभणीकडून नुकत्याच आलेल्या, माझ्या हाताखालच्या एका पोरावर.

तो नंदीबैल म्हणजे शेल स्क्रिप्टमधला चौकोनी कंस. उघडणारा [ आणि मिटणारा ]. या कंसाबद्दल आपल्याकडे वर्गात, क्लासमध्ये आणि यूट्यूबवर जे शिकवलं जातं, त्याच्याविरुद्ध हा लेख आहे. कंसाशी माझं भांडण नाही. तो बिचारा चाळीसहून जास्त वर्षं सांगितलं तेवढं काम करतो आहे.

ज्यांचा या गोष्टींशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. शेल म्हणजे काळ्या पडद्यावर टाइप केलेली आज्ञा वाचून ती कामाला लावणारा प्रोग्राम. अशा आज्ञा एका फाइलमध्ये एकाखाली एक लिहून ठेवल्या की झाली शेल स्क्रिप्ट. सर्व्हरवरची रात्रीची झाडलोट, बॅकअप, नवी आवृत्ती चढवणं ही कामं अशाच स्क्रिप्टा गुपचूप करत असतात. इथे मी आज्ञा देवनागरीत लिहिते आहे, टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाइप कराव्या लागतात.

शनिवारची गोष्ट

मी तेव्हा पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत सर्व्हर सांभाळत होते. जुन्या फाइली साफ करायची एक स्क्रिप्ट मी लिहिली होती. तिला गिऱ्हाइकाच्या फोल्डरचं नाव द्यायचं. मग ती त्या फोल्डरात जाऊन सात दिवसांपेक्षा जुनं सगळं पुसून टाकायची. ज्या गिऱ्हाइकांना रोजचेच बॅकअप हवे होते, त्यांच्यासाठी ती होती. ज्यांचे महिन्याचे बॅकअप जपून ठेवायचे होते, त्यांच्या फोल्डरांना तिने हात लावायचा नव्हता.

नाव द्यायला कुणी विसरलं तर? याचा विचार मी केला होता. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच तपासणी होती:

इफ [ -एन $फोल्डर ]

'-एन' म्हणजे 'पुढचा मजकूर रिकामा नाही ना?' रिकामा नसेल तरच पुढे जा, बॅकअपच्या जागेतल्या त्या फोल्डरात शिर आणि जुनं पूस. किती शहाण्यासारखं! ही स्क्रिप्ट आमच्या टीममध्ये दोघांनी वाचली, दोघांनी पसंत केली. रोज रात्री ती ठरलेल्या नावांनी चालायची. वर्षभर काही झालं नाही.

एका शनिवारी डिस्क भरत आली. ड्यूटीवर तो पोरगा होता. त्याने ती स्क्रिप्ट हाताने चालवली आणि नाव द्यायला विसरला. स्क्रिप्टने तपासणी केली, 'रिकामं नाही' असं उत्तर मिळालं, आणि नाव नसल्यामुळे ती कोणत्याही एका फोल्डरात न शिरता बॅकअपच्या मुख्य जागेतच उभी राहिली. तिथून खाली सगळ्यांच्या सात दिवसांपेक्षा जुन्या फाइली तिने पुसल्या.

सोमवारी मीटिंग. साहेबांनी मला विचारलं, "स्क्रिप्टमध्ये चेक आहे ना?"

मी म्हणाले, "आहे."

"मग?"

सगळ्यांच्या माना त्या पोराकडे वळल्या. तो म्हणाला, "बहुतेक मीच काहीतरी चुकीचं टाइप केलं असेल." बाहेर पडल्यावर जिन्यात त्याने मला हळूच विचारलं, "ताई, मी नाव टाकलं नव्हतं, ते खरंय. पण मग तिने थांबवायला नको होतं का?"

याच्याइतका योग्य प्रश्न त्या मीटिंगमध्ये कुणीच विचारला नव्हता. आणि त्याचं उत्तर मला येत नव्हतं.

त्या रात्री मी घरी, पुसायची ओळ काढून टाकून, नुसती तपासणी चालवून पाहिली. नाव न देता. उत्तर आलं: रिकामं नाही. पुन्हा चालवली. रिकामं नाही. मान डोलतच होती.

कंस म्हणजे काय

आता नीट बघा, काय झालं होतं.

कॉलेजमध्ये मला शिकवलं होतं की इफ लिहायचं, मग चौकोनी कंस, कंसाच्या आत अट, दोन्ही बाजूंना जागा सोडायची. "सर, जागा का सोडायची?" "असंच असतं. नाही सोडली तर एरर येतो. लिहून घ्या." आम्ही लिहून घेतलं. जर्नलमध्ये उतरवलं. सही मिळाली.

खरी गोष्ट अशी की [ हे विरामचिन्ह नाही. ते एका प्रोग्रामचं नाव आहे. बहुतेक लिनक्स मशीनवर '/यूएसआर/बिन' या फोल्डरात डोकावलंत तर [ नावाची एक फाइल चक्क तिथे बसलेली असते. त्या प्रोग्रामचं पाळण्यातलं नाव 'टेस्ट'. [ हे त्याचं दुसरं नाव, आणि या नावाने हाक मारली की त्याची एकच जास्तीची अट असते: मला दिलेल्या शब्दांपैकी शेवटचा शब्द ] असला पाहिजे. बस. मिटणारा कंस हा नुसता दिखावा आहे, वाचणाऱ्याला बरं वाटावं म्हणून.

आता जागा का सोडायची ते आपोआप कळतं. आज्ञेचं नाव आणि तिला द्यायचे शब्द यांच्यामध्ये जागा लागतेच. कंसाला चिकटवून $वय लिहिलं आणि वय १८ असलं, तर शेल '[१८' नावाचा प्रोग्राम शोधायला जातो आणि रिकाम्या हाताने परत येतो. यात गूढ काही नाही. 'असंच असतं' तर नाहीच नाही.

मूळ गोष्ट आणखी एक पायरी खाली आहे. इफला खरं-खोटं कळतच नाही. त्याला एकच काम येतं: पुढे लिहिलेली आज्ञा चालवायची आणि ती जाताना कोणता आकडा ठेवून गेली ते बघायचं. शून्य म्हणजे काम झालं. शून्याखेरीज काहीही म्हणजे झालं नाही. इतर भाषांमध्ये शून्य म्हणजे खोटं आणि इथे शून्य म्हणजे खरं, यावरून मुलांची डोकी फिरतात. पण विचार केला तर बरोबर आहे. काम होण्याची तऱ्हा एकच, बिघडण्याच्या अनेक. म्हणून यशाला एक आकडा आणि अपयशाला बाकीचे सगळे.

हे ठाऊक असलं की इफच्या पुढे कंस असलाच पाहिजे ही समजूतही गळून पडते. लॉगमध्ये एखादा शब्द आहे का हे बघायचं तर इफच्या पुढे सरळ ग्रेप लिहावं. ग्रेपला शब्द सापडला तर तो शून्य ठेवून जातो. पण 'इफला कंस लागतोच' असं शिकलेली मुलं ग्रेपलाही कंसात कोंबतात आणि मग दोन तास डोकं धरून बसतात. मी इंटरव्ह्यू घेते तेव्हा दर खेपेला हे बघते. त्या मुलांना भाषा येत नाही असं नाही. त्यांना खोटं व्याकरण शिकवलंय.

ही रचना कुणा वेडगळाने केलेली नव्हे. स्टीफन बोर्न यांचा शेल बेल लॅब्जमधून १९७९ साली सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर बाहेर आला. अल्गोल ६८ या भाषेचा त्यांच्यावर प्रभाव होता, म्हणून इफ उलटं करून 'फाय'ने मिटतो आणि केस उलटं करून 'एसॅक'ने. त्या न्यायाने 'डू' हे 'ओडी'ने मिटायला हवं होतं. पण 'ओडी' नावाची आज्ञा युनिक्समध्ये आधीपासून होती, म्हणून 'डन' आलं. यातच शेलचा स्वभाव दिसतो. इथे आज्ञा आधी आणि व्याकरण नंतर. शेलने आज्ञा लावायच्या, तुलना करायचं काम टेस्ट नावाच्या वेगळ्या प्रोग्रामचं. साधी, स्वच्छ कल्पना आहे. ती झाकली ती कंसाच्या वेषाने, आणि वेषालाच आम्ही माणूस समजलो.

चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर

आता माझी ओळ. शेल कुठलीही आज्ञा लावण्याआधी $ लावलेली नावं काढून त्यांच्या जागी किंमत ठेवतो. किंमत रिकामी असली आणि भोवती अवतरण चिन्हं नसली, तर त्या जागी रिकामा शब्दसुद्धा उरत नाही. जागाच नाहीशी होते. म्हणजे कंसाच्या हाती शेवटी एवढंच पडलं:

[ -एन ]

आता टेस्टचा नियम ऐका. पॉसिक्स या मानकात तो लिहिलेला आहे. मला किती शब्द दिले ते मी आधी मोजीन. एकच शब्द दिला असेल, तर तो शब्द रिकामा आहे का एवढंच पाहीन. रिकामा नसेल तर उत्तर हो. आणि '-एन' हा शब्द स्वतः रिकामा नाहीच. तो 'वजा' आणि 'एन' मिळून दोन अक्षरांचा झाला. उत्तर: हो.

म्हणजे मी 'फोल्डरचं नाव रिकामं तर नाही ना?' असं विचारलंच नव्हतं. प्रश्नातला विषयच वाटेत गळला आणि कंसाने माझ्या प्रश्नचिन्हाकडे बघून मान डोलवली. $फोल्डर भोवती दुहेरी अवतरण चिन्हं असती तर कंसाला दोन शब्द मिळाले असते, '-एन' आणि एक रिकामा शब्द, आणि उत्तर 'नाही' आलं असतं. दोन चिन्हं. त्या पोराचा शनिवार वाचला असता.

मला ही चिन्हं का सुचली नाहीत, ते सांगते. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला '-झेड' वापरला होता. '-झेड' म्हणजे उलट प्रश्न, 'रिकामं आहे का?' मी अवतरणांशिवाय लिहिलं, रिकामी किंमत देऊन चालवलं, उत्तर आलं 'हो'. एक्स्टर्नल सर खूश. पूर्ण मार्क. पण तिथेही विषय गळलाच होता! कंसाच्या हाती फक्त '-झेड' पडलं होतं, एकच शब्द, रिकामा नसलेला, म्हणून 'हो'. बरोबर उत्तर, साफ चुकीच्या कारणाने. त्या पूर्ण मार्कांनी माझ्या डोक्यात एक खोटी गोष्ट पक्की केली की अवतरण चिन्हं नाही दिली तरी चालतं. मार्कांची शिक्षणपद्धत हे असंच करते. उत्तर जुळलं की पुढे चला. का जुळलं हे विचारायला व्हायवामध्ये वेळ नसतो.

आणखी एक मासला देते, म्हणजे हे फक्त रिकाम्या नावांपुरतं आहे असं वाटायला नको. ३५हून जास्त मार्कांना पास असं समजा आणि लिहा:

इफ [ $मार्क > ३५ ]

गणितासारखं दिसतं. पण शेलमध्ये > हे चिन्ह 'निकाल या फाइलमध्ये ओत' असं सांगतं. म्हणून '३५' नावाची एक रिकामी फाइल तयार होते आणि कंसाच्या हाती उरतं ते फक्त मार्कांचं एक पद. २० मार्क मिळालेला पास. ५ मार्क मिळालेला पास. वर्गातलं एकही पोर नापास होत नाही, एररही येत नाही, फक्त फोल्डरात एक '३५' पडून असतो आणि तो कुठून आला हे कुणाला कळत नाही. बरोबर खूण आहे '-जीटी'. हे ज्याला 'कंसातली अट' म्हणून शिकवलं, तो हा गोंधळ जन्मात ओळखणार नाही. ज्याला 'ही आज्ञा आहे' म्हणून शिकवलं, त्याला एका नजरेत कळेल, कारण प्रत्येक आज्ञेपुढे > लावलं की हेच होतं.

'नाही' आणि 'कळलं नाही'

इथपर्यंत 'हो'ची गोष्ट झाली. 'नाही'ची तर त्याहून भयंकर आहे.

टेस्टला खरं तर तीन उत्तरं देता येतात. हो असेल तर शून्य, नाही असेल तर एक, आणि प्रश्नच कळला नाही तर एकाहून मोठा आकडा, बहुधा दोन. समजा शहराचं नाव तपासताना किंमत आली 'नवी मुंबई' आणि अवतरण चिन्हं नव्हती. त्या नावाचे दोन शब्द होतात, कंसाला अपेक्षेपेक्षा एक शब्द जास्त मिळतो आणि तो तक्रार करतो: शब्द फार झाले. आकडा दोन. पण इफ फक्त शून्य की शून्येतर एवढंच बघतो. त्याला 'नाही' आणि 'कळलं नाही' यांतला फरक दिसत नाही. तो शांतपणे 'नाही'च्या वाटेने चालू लागतो. तक्रारीची ओळ कुठल्यातरी लॉगमध्ये जाऊन पडते, जो कुणी वाचत नाही.

चूक झाली की स्क्रिप्ट तिथेच थांबावी म्हणून वर 'सेट -ई' लिहायची चांगली सवय असते. पण इफच्या पुढे जे असतं त्याला तो नियम लागू होत नाही. बरोबरच आहे, नाहीतर प्रत्येक 'नाही'ला स्क्रिप्ट मरेल. परिणाम असा की स्क्रिप्टमधली सगळ्यात महत्त्वाची जागा, जिथे आपण थांबायचं की पुढे जायचं ते ठरवतो, तीच जागा चुकीबद्दल सगळ्यात बहिरी असते.

हे सगळं माझ्यासारख्या छोट्या कंपनीतल्या बाईच्याच नशिबी येतं असं समजू नका. २०१५च्या जानेवारीत स्टीम या गेमच्या दुकानाच्या लिनक्स आवृत्तीतला एक दोष गाजला. एका स्क्रिप्टमध्ये फोल्डरचा पत्ता एका नावात ठेवला होता आणि पुढे त्या पत्त्याखालचं सगळं पुसायची ओळ होती. पत्ता रिकामा निघाला की ती ओळ मशीनच्या मुळापासून पुसत सुटायची. तिथे अवतरण चिन्हं होती. नव्हता तो प्रश्न. पत्ता रिकामा आहे का, हे पुसायच्या आधी विचारलेलंच नव्हतं. आणि त्या ओळीच्या डोक्यावर लिहिणाऱ्यानेच 'हे भीतीदायक आहे' अशा अर्थाची टीप लिहून ठेवली होती. भीती वाटली, टीप लिहिली, प्रश्न मात्र विचारला नाही.

'मग डबल कंस वापर ना'

हे सगळं बोलले की चार तऱ्हेचे लोक भेटतात.

पहिले म्हणतात, दुहेरी कंस वापर, [[ आणि ]]. मुद्दा चांगला आहे. डेव्हिड कॉर्न यांच्या शेलच्या १९८८च्या आवृत्तीतून आलेली ही सोय बॅशने १९९८ साली २.०२ या आवृत्तीत घेतली. दुहेरी कंस हा खरोखरच व्याकरणाचा भाग आहे. शेल त्याच्या आत शब्द फोडत नाही, विषय गळू देत नाही. माझी ओळ दुहेरी कंसात असती तर वाचले असते. मी आज तोच वापरते. पण तोही घोकून वापरला तर तोच प्रकार. त्याच्या आत > हे चिन्ह फाइल तयार करत नाही, पण आकडेही तोलत नाही. ते शब्दकोशाच्या क्रमाने बघतं. म्हणून ९ मार्कवाला पास आणि १०० मार्कवाला नापास, कारण १ हा ३च्या आधी येतो. '-ईक्यू' लावून महिन्याचा आकडा तपासला तर जानेवारी ते जुलै मजेत जातात आणि ऑगस्ट उजाडला की तपासणी एरर देते. पुढे शून्य असलेला आकडा दुहेरी कंस अष्टमान पद्धतीने वाचतो आणि अष्टमानात ८ आणि ९ नसतातच. शिवाय डेबियन आणि उबंटूवर 'एसएच' नावाने जो शेल उभा असतो तो बॅश नाही, डॅश आहे. उबंटूने हा बदल २००६ सालीच केला. डॅशला दुहेरी कंस ठाऊक नाही. तो म्हणतो, 'अशी आज्ञा सापडली नाही', आणि १२७ हा आकडा ठेवतो. इफने त्याचा अर्थ काय घेतला असेल? बरोबर. 'नाही'.

दुसरे म्हणतात, शेल सोड, पायथॉन लिही. मोठं काम असेल तर जरूर लिहावं. पण नव्या सर्व्हरवर पायथॉन चढवायची स्क्रिप्ट कशात लिहिणार? शेल कुठे नाही सांगा. तुम्ही हा लेख अँड्रॉइड फोनवर वाचत असाल तर त्या फोनच्या पोटातही एक शेल आहे, एमकेएसएच, कॉर्न शेलच्या घराण्यातला.

तिसरे म्हणतात, आता एआय लिहून देतो. देतो खरा, आणि बहुतेकदा अवतरण चिन्हंही नीट घालून देतो. पण मीटिंगमध्ये "चेक आहे ना?" असं विचारलं तर उत्तर एआय देणार नाही, तुम्ही देणार. माझी स्क्रिप्टही दोन माणसांनी वाचली होती. वाचणाऱ्याला कंस आज्ञा आहे हेच ठाऊक नसेल, तर लिहिणारा माणूस असो की मशीन, वाचणारा मान डोलवण्यापलीकडे काही करू शकत नाही.

चौथ्या लोकांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. हे जाणते असतात. यांना सगळं माहीत असतं आणि ते माहीत असण्याची त्यांना मजा वाटते. नवख्याची स्क्रिप्ट फुटली की ते हसतात, "अरे, कोट्स नाही दिलेस? बेसिक आहे!" बेसिक आहे तर शिकवा ना. पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला शिकवा. गूढ राखून त्याची पुजारीगिरी करायची आणि देवळात यायला चुकलेल्याला हसायचं, हा धंदा आपल्याकडे नवा नाही. संगणकात तरी तो नको.

मी मागते ते एवढंच

कंस बदला असं मी म्हणत नाही. जगभरच्या जुन्या स्क्रिप्टा त्यावर उभ्या आहेत. मागणी शिकवण्याबद्दल आहे.

एक, पहिले दोन आठवडे कंस दाखवूच नका. 'टेस्ट' असं पूर्ण नाव लिहायला लावा. 'इफ टेस्ट -एन "$फोल्डर"' हे वाचलं की ही आज्ञा आहे हे आंधळ्यालाही दिसतं. जागा का, अवतरण का, > का नको, हे प्रश्न वेगळे शिकवावे लागत नाहीत. कंस नंतर दाखवा, टेस्टचं टोपणनाव म्हणून. मग दुहेरी कंस, आणि तो कुठे चालत नाही तेही.

दोन, शेलचेक नावाचं एक फुकट साधन आहे. स्क्रिप्ट त्याला दिली की माझ्या ओळीसारखी ओळ ते तत्काळ पकडतं आणि का चुकली तेही सांगतं. जर्नलवर सही करण्याआधी सरांनी ते एकदा चालवावं.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक तपासणीला एकदा तरी 'नाही' म्हणायला लावा. रिकामी किंमत द्या. मध्ये जागा असलेलं नाव द्या. चुकीचा आकडा द्या. जी तपासणी नकार देताना तुम्ही डोळ्यांनी पाहिली नाही, ती तपासणी आहे असं म्हणू नका. माझी स्क्रिप्ट वर्षभर रोज रात्री 'हो' म्हणत होती आणि आम्ही ते तिच्या चोख असण्याचं प्रमाण मानत होतो. तिला 'नाही' म्हणताच येत नव्हतं, हे आम्हा कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

फोनवर टर्मक्स असेल तर आत्ताच करून बघा. 'टाइप [' असं लिहा, मध्ये जागा सोडून. शेल स्वतः सांगेल की ही त्याची घरची आज्ञा आहे. मग एक रिकामं नाव घ्या, अवतरणांशिवाय '-एन' लावून कंसाला विचारा आणि पुढच्या ओळीत 'एको $?' लिहा. शून्य येईल. तो शून्य नीट बघून घ्या.

मंगळवारी सकाळी मी साहेबांना सगळं दाखवलं. ओळ माझी, चूक माझी, पोराने फक्त नाव टाकलं नव्हतं आणि त्याच एका गोष्टीसाठी तर तपासणी होती. साहेब "बरं" म्हणाले. टीमला मेल गेली. पुसलेल्यापैकी काही दुसऱ्या डिस्कवरून परत मिळालं, काही गेलं ते गेलं. पोरगा दोन महिन्यांनी टेस्टिंगच्या टीममध्ये गेला, स्वतः मागून. टर्मिनलला हात लावायला नको वाटतं म्हणाला. मी खूप समजावलं. "ताई, तुमची चूक होती हे मला कळलंय," तो म्हणाला, "पण त्या दिवशी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं होतं."

मी कंसाला नंदीबैल म्हणते खरी. पण कंसाला निदान प्रश्न पोचलाच नव्हता. सोमवारच्या मीटिंगमध्ये "चेक आहे ना?" हा प्रश्न मला अगदी स्पष्ट ऐकू आला होता. तो चेक चालतो का, हे मी एकदाही पाहिलेलं नव्हतं. तरी मी मान डोलवली.